आयरिश पारंपरिक संगीत : कोणाला ऐकावे आणि त्यात काय ऐकावे?

लष्करकर (ग्वाल्हेर)

घरात ख्यालगायकीचे वातावरण असल्यामुळे माझा कान विलंबित लयीवर आणि रागाच्या सावकाश होणाऱ्या बढतीवर वाढला आहे. भाच्याच्या नादाने मी अलीकडे आयरिश पारंपरिक संगीत ऐकू लागलो आणि ते आवडलेही. परंतु थोड्या वेळाने कान कंटाळतात. आठ-आठ मापांचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा, मग सगळे पुन्हा पहिल्यापासून, आणि दोन-तीन आवर्तनांनंतर न थांबता दुसरी धून सुरू, असा हा क्रम असतो. यात कलावंताला स्वतःचे असे काय करायला मिळते, हे मला उमगत नाही. तानसेन समारोहाच्या मंडपात भेटणाऱ्या एका जाणकारांच्या मते हे नाचासाठीचे संगीत आहे आणि ते मांडी घालून ऐकण्याचा अट्टाहासच करू नये. मला ते पटत नाही. आपापले आवडते आयरिश कलावंत कोणते आणि ते का आवडतात, हे कृपया सविस्तर लिहावे.

भाता_सूर

तुमच्या जाणकारांचे म्हणणे निम्मे खरे आहे. रील, जिग आणि हॉर्नपाइप हे प्रकार नाचाबरोबरच रुजले; पण आज मंडळी एकत्र बसून वाजवतात तेव्हा बहुधा कोणी नाचत नसते.

हार्मोनिअमसाठी गाजलेल्या भय्यासाहेब गणपतरावांच्या गावातल्या माझ्यासारख्या हार्मोनिअमवाल्याने इलन पाइप्सची, म्हणजे आयरिश बॅगपाइपची, शिफारस करावी, यात नवल नाही. हे वाद्य बसून वाजवतात. एका हाताखाली भाता आणि दुसऱ्या हाताखाली हवेची पिशवी असते. तोंडाने फुंकायचे नसल्यामुळे आतली रीड कोरडी राहते आणि आवाज स्कॉटिश पाइपपेक्षा बराच मृदू येतो. मुख्य नळीतून दोन सप्तके निघतात, आणखी तीन नळ्या आपल्या तंबोऱ्यासारखा एकच स्वर धरून ठेवतात, आणि उरलेल्या तीन नळ्यांच्या चाव्या मनगटाच्या कडेने दाबून मधूनमधून स्वरसंवाद देता येतो. मुख्य नळीचे टोक मांडीवर टेकवून बंद केले की स्वर तुटक होतात, उचलले की सलग वाहतात. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला येथेच सापडते. साधा ‘रोल’ म्हणजे मूळ स्वराला क्षणभर वरच्या आणि मग खालच्या स्वराचा स्पर्श. पण सर्वांत खालच्या स्वराखाली स्वरच नाही, म्हणून तेथे वेगवेगळ्या बोटांनी वरचेच स्पर्श देऊन ‘क्रॅन’ घेतात. हा क्रॅन कोठे घ्यायचा, किती घट्ट घ्यायचा आणि कोठे मुद्दाम टाळायचा, हे प्रत्येक वादक स्वतः ठरवतो, आणि दुसऱ्या आवर्तनात बहुधा वेगळे ठरवतो.

क्लेअर परगण्यातल्या मिलटाउन मालबे येथील विली क्लॅन्सी (१९१८–१९७३) यांच्यापासून सुरुवात करावी. त्यांच्या नावाने तेथे दर जुलैत शिकवणीचा मेळा भरतो. त्यानंतर लिअम ओफ्लिन ऐकावेत, विशेषतः त्यांच्या संथ, तालमुक्त धुना. विलंबितावर वाढलेल्या कानाला तोच दरवाजा सोपा आहे.

तंतकार_मुरार

वरील प्रतिसाद उत्तम आहे, पण संथ धुनांच्या दाराने आत शिरणे मला पळवाट वाटते. रील रील म्हणूनच कळली पाहिजे. एकच धून निवडून ती तीन वादकांकडून ऐकावी. डोनेगल परगण्याच्या टॉमी पीपल्स यांच्या फिडलमध्ये (म्हणजे व्हायोलिनमध्ये) गज तुटक आणि धारदार चालतो, तर पूर्व क्लेअरमध्ये तीच धून सैल, थोडी उदास होऊन येते. स्लायगोचे मायकेल कोलमन (१८९१–१९४५) अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्कमध्ये १९२० नंतर त्यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या निघाल्या. त्या तबकड्या आयर्लंडमध्ये परत पोचल्या आणि गावोगावचे फिडलवादक आपला बाज सोडून कोलमनसारखे वाजवू लागले. आपल्याकडे घराण्यांच्या भिंती रेकॉर्ड आणि रेडिओमुळे कशा पातळ झाल्या, हे ज्यांनी पाहिले त्यांना हा किस्सा लगेच समजेल. शिकागोचे पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील यांनी तर स्थलांतरितांकडून धुना गोळा करून १९०३ मध्ये १,८५० रचनांचा संग्रह छापला.

प्लॅन्क्स्टी आणि चीफ्टन्स या वाद्यवृंदांविषयी आदर बाळगूनही सांगतो की वाद्यवृंदातून सुरुवात करू नये. बुझुकी हे ग्रीक तंतुवाद्य आयर्लंडमध्ये १९६०च्या दशकात आले. गिटार-बुझुकीची साथ ही या परंपरेत कालपरवाची गोष्ट आहे. मूळ संगीत स्वरसंवादाची साथ नसलेल्या एकट्या चालीचे आहे, म्हणूनच ते आपल्याला जवळचे वाटते. नव्वद टक्के मौज त्या एकट्या चालीत आहे, असे माझे तरी मत आहे.

सांज_मैफल

साथीविषयीचे हे मत मला फार कडक वाटते. मार्टिन हेझ यांचे फिडल आणि डेनिस कॅहिल यांची गिटार ऐकून पाहावे. कॅहिल मोजके स्वर देतात, कधी कधी नुसती जागा सोडतात, आणि त्यामुळेच हेझ यांना लय ओढता येते. सिअॅटलमधील मैफलीचे जे ध्वनिमुद्रण १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात त्यांनी एकामागून एक धुना जोडत जवळजवळ अर्धा तास सलग वाजवले आहे. सुरुवात इतकी संथ आहे की पुढे वेग वाढेल अशी शंकाही येत नाही. लष्करकरांना हवी असलेली बढत तेथे आहे, फक्त ती एका धुनेच्या आत नसून धुनांच्या साखळीत आहे. धून बदलताना बऱ्याचदा आधारस्वरही बदलतो; त्या क्षणाची श्रोते वाट पाहत असतात, आणि तो नेमका साधला तर एखादा ‘हप्प’ असा हुंकारही निघतो.

एक सावधगिरीची सूचना. डोरियन हा पाश्चात्त्य स्वरक्रम ऐकला की काफी आणि मिक्सोलिडियन ऐकला की खमाज, असे जुळवण्याचा मोह आपल्या मंडळींना आवरत नाही. थाट जुळतो हे खरे. परंतु तेथे वादी-संवादी नाहीत, पकड नाही, आणि एकाच धुनेत निषाद कधी शुद्ध तर कधी कोमल लागतो. तेवढ्यावर रागाचे नाव चिकटवून काही हाती लागत नाही.

गायनासाठी कॉनेमाराचे जो हीनी ऐकावेत. साथ नाही, ताल नाही, आणि अलंकार शब्दाच्या अर्थाला धक्का न लावता येतात. ठुमरी ऐकणाऱ्याला त्यांची ओळख करून द्यावी लागणार नाही.

लष्करकर (ग्वाल्हेर)

सर्वांचे आभार. तंतकारांच्या सूचनेप्रमाणे एक धून तिघांकडून ऐकतो आहे आणि डोनेगल व क्लेअर यांच्यातला फरक पहिल्याच आवर्तनात जाणवला. वाद्यवृंदात बोरॉन हे चामड्याचे वाद्य मात्र मला अजून खटकते, कारण तबल्याच्या सवयीच्या कानाला ते समेवर यायचे विसरल्यासारखे वाटते. बोरॉनवर प्रेम करणारे कोणी येथे असल्यास त्यांनी बाजू मांडावी. आणि क्लॅन्सी यांचे एकल वादनाचे कोणते मुद्रण आधी ऐकावे, हेही भाता_सूर यांनी कळवावे.