पाठीमागच्या पायवाटेवरील कंदिलांबाबत

सुलभाकाकू, ए-१०२ (रात्री ८.४२)
नमस्कार. आज सलग चौथ्या दिवशी पंपघराजवळच्या दोन पायऱ्यांवर काळोख आहे. संध्याकाळी यांचा पाय तिथे घसरला. हात कठड्यावर पडला म्हणून निभावले. दिवाळीत मोठ्या कौतुकाने लावलेल्या १४ मातीच्या सौर कंदिलांपैकी ६ बंद आहेत, हे मी स्वतः छत्री घेऊन मोजून आले. मागच्या महिन्यात मी हेच लिहिले होते, तेव्हा ‘ऊन पडले की लागतील’ असे उत्तर मिळाले होते. मला कोणाला दुखवायचे नाही, पण आमच्या वयाच्या माणसांनी उन्हाची वाट पाहत घरात बसून राहायचे का?

नेनेकाका, सी-२०१ (८.४७)
या १४ कंदिलांवर सोसायटीचे ९,१०० रुपये खर्च झाले आणि त्यांचा तपशील वार्षिक सभेत मांडला गेला नाही. माझी विनंती जुनीच आहे: आधी हिशेब, मग दुरुस्ती.

वंदनाताई, ए-३०३ (८.५१)
काकू, काकांचा हात कसा आहे? काही लागले तर रात्री-अपरात्री हाक मारा. नेनेकाका, माणूस पडता पडता वाचला आहे. हिशेब उद्या विचारला तरी चालेल.

नेनेकाका, सी-२०१ (८.५३)
विचारपूस मी फोनवर केली आहे. ती ग्रुपवर करण्याची मला सवय नाही, एवढेच.

मृणाल, बी-३०४ (९.२०)
काकू, मी आत्ताच खाली जाऊन आले. आधी क्षमा मागते, कारण ‘ऊन पडले की लागतील’ हे मीच लिहिले होते आणि तेव्हा मी एकही कंदील उघडून पाहिला नव्हता. पायरीजवळचा कंदील आज उलटा केला, तर त्यातून जवळजवळ अर्धी वाटी पाणी निघाले. हे कंदील मी केशवनगरच्या कुंभारवाड्यातून आणलेल्या लाल मातीचे केले आणि सुमारे ९५० अंश सेल्सिअसवर भाजले. अशी भाजलेली माती पाणी पिते. ज्या गुणामुळे माठातले पाणी गार राहते, त्याच गुणामुळे पावसाळ्यात कंदिलाची भिंत बाहेरून आत ओली होत जाते. दोष मातीचा नाही, तिच्याकडून नको ते काम मी करून घेतले. दोन कंदील केतनकडे तपासायला दिले आहेत.

वंदनाताई, ए-३०३ (९.२४)
अर्धी वाटी पाणी? मग त्यात डासांची पैदास होणार. आठवडाभर पाणी साचले तरी डेंग्यूच्या डासाला पुरते. हे कंदील उद्या सकाळीच रिकामे करायला हवेत.

मृणाल, बी-३०४ (९.२६)
ताई, उद्यापर्यंत थांबत नाही. बाराच्या बारा आत्ताच ओतून, पुसून जिन्याखाली आडवे ठेवते.

केतन, बी-५०१ (१०.१५)
दोन्ही कंदील उघडून पाहिले. आत १.२ व्होल्टचा, ६०० मिलिअँपिअर-तासांचा एकच निकेल-मेटल हायड्राइड सेल आहे. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, म्हणून चार पायांची एक चिप आणि छोटी कॉइल मिळून सेलचा विजेचा दाब वाढवतात. त्या चिपला अंधार ओळखायला वेगळे साधन नसते. पॅनेलकडून येणारा दाब पडला की रात्र झाली, असे ती धरते. पायरीजवळच्या कंदिलात सेलच्या स्प्रिंगवर हिरवा गंज चढला आहे आणि तारेचे एक टोक नुसते हात लावल्यावर तुटले. दुसरा कंदील मात्र माझ्या खोलीतला दिवा घालवताच छान लागला, म्हणजे तो बिघडलेला नाहीच. तो बी विंगच्या पार्किंगमधल्या ट्यूबखाली होता. ती ट्यूब रात्रभर चालू असते आणि तिचा उजेड थेट पॅनेलवर पडतो, त्यामुळे त्या कंदिलापुरती रात्र होतच नाही.

अभिजित, ए-४०१ (१०.१८)
म्हणजे आपल्या कंदिलांना नेनेकाकांची ट्यूब सूर्यासारखी वाटते!

नेनेकाका, सी-२०१ (१०.२१)
ती ट्यूब माझी नाही. दोन वर्षांपूर्वी गाड्यांतून पेट्रोल चोरीला गेले, तेव्हा समितीने ठराव करून ती लावली. ज्यांची गाडी तेव्हा गावाला होती त्यांना हे हसण्यासारखे वाटू शकते. ट्यूब बंद होणार नाही. आणि ९,१०० रुपयांच्या तपशिलाबद्दल अजून एकानेही लिहिलेले नाही.

अभिजित, ए-४०१ (१०.२३)
काका, राग मानू नका. ट्यूब बंद करा असे मी म्हणत नाही.

केतन, बी-५०१ (१०.२६)
ट्यूब बंद करण्याची गरजच नाही. ट्यूबखालचा तो कंदील चार पावले सरकवला की काम होईल.

पाटील (अध्यक्ष), सी-४०४ (सकाळी ७.१०)
सर्वांना नमस्कार. दोन्ही पायऱ्यांवर विजेच्या जोडणीचा दिवा याच आठवड्यात बसवून घेतो. पायरीचा प्रश्न कंदिलावर सोडणे ही समितीची चूक होती. बाकीच्या पायवाटेचे काय करावे, यावर मृणालताईंनी आणि केतन यांनी मत द्यावे. कंदील काढून टाकावेत असाही एक विचार आहे.

मृणाल, बी-३०४ (९.४०)
पाटीलसाहेब, पायऱ्यांवर विजेचा दिवा हवाच, यात मला काही म्हणायचे नाही. पण कंदील काढू नयेत असे मला मनापासून वाटते आणि त्याची कारणे सविस्तर लिहिते. माझी मूळ चूक अशी की दिवा मी कंदिलात चिकटवून टाकला. आपण पणती वर्षानुवर्षे वापरतो, तेल आणि वात मात्र रोज नवी घालतो. तसेच इथेही आहे: नीट भाजलेले मातीचे भांडे आपल्यापेक्षा जास्त टिकेल, पण सेल काही वर्षांत बदलावाच लागणार. तो बदलायचा तर कंदील फोडावा लागतो, अशी वस्तू मी केली. त्यातून फट बुजवायला जे सिलिकॉन वापरले, त्याला व्हिनेगरसारखा वास येत होता. ते वाळताना ॲसेटिक आम्ल सोडते आणि बंद जागेत त्या आम्लाने तांबे गंजते. केतनने दाखवलेला हिरवा गंज पाहिल्यावर मला तो वास आठवला. सर्किटच्या जवळ असे आम्ल न सोडणारे, न्यूट्रल सिलिकॉन वापरायचे असते.

आता स्टोनवेअरची माती घ्यावी, १,२२० अंशांच्या पुढे भाजावी, म्हणजे ती पाणी जवळजवळ पीत नाही. आतून पांढरी झिलई द्यावी, म्हणजे थोडा उजेडही वाया जात नाही. ही माती ओली असल्यापासून भाजून निघेपर्यंत साधारण १२ टक्के आकसते. पॅनेल ११० मिलिमीटरचे आहे. सगळीकडून थोडी फट धरून भाजल्यावर खाच ११३ मिलिमीटरची हवी, म्हणून ओल्या मातीत ती सुमारे १२८ मिलिमीटरची कापावी लागेल. कापायची तीही माती अर्धवट सुकून हाताला चामड्यासारखी लागते तेव्हाच, आणि खाचेचे कोपरे गोल ठेवून, कारण भट्टीत तडा नेहमी टोकदार कोपऱ्यातून सुरू होतो. तळाला पाणी निघून जायला भोक आणि कंदील जमिनीपासून उचलून धरायला तीन पाय असतील, म्हणजे वंदनाताईंची डासांची काळजीही मिटेल.

केतन, बी-५०१ (१०.०५)
विजेच्या बाजूने मी पुढचे सांगतो. लिथियम आयर्न फॉस्फेटचा ३.२ व्होल्ट, १.५ अँपिअर-तासाचा सेल घेतला तर त्यात सुमारे ४.८ वॅट-तास ऊर्जा मावते. दिवा संध्याकाळचे चार तास ०.४ वॅटवर आणि पुढचे आठ तास ०.१ वॅटवर चालवला तर एका रात्रीला २.४ वॅट-तास लागतात, म्हणजे पूर्ण भरलेला सेल दोन रात्री काढेल. दीड वॅटचे पॅनेल चांगल्या उन्हात एका दिवसात हे सहज भरून काढते, पण सलग आठवडाभर झड लागली तर दिवे लवकर मंदावतील, हे आजच सांगून ठेवतो. सेल झाकणाखाली नको, तळाशी हवा. एप्रिल-मे महिन्यांत उन्हातले झाकण चांगलेच तापते आणि ४५ अंशांच्या वर चार्ज होत राहिल्यास सेलचे आयुष्य घटते. या सेलचे चार्जिंग ३.६ व्होल्टला थांबले पाहिजे. नेहमीच्या लिथियम-आयन सेलचे ४.२ व्होल्टचे सर्किट त्याला चालत नाही. झाकणाला दक्षिणेकडे १८ ते २० अंशांचा उतार द्यावा, कारण पुण्याचे अक्षांश साडेअठरा आहेत आणि हिवाळ्यात, रात्री मोठ्या असतात तेव्हाच, सूर्य खालून दक्षिणेकडून येतो. उतारामुळे पॅनेलवर पाणी आणि धूळही साचत नाही.

नेनेकाका, सी-२०१ (१०.१२)
वाचले. माहिती चांगली आहे. ९,१०० रुपयांचा तपशील?

वंदनाताई, ए-३०३ (१०.१५)
झाकणाबद्दल बोलतोच आहोत तर लिहिते: पाचव्या कंदिलाचे झाकण चेंडू लागून टवका उडालेले आहे. कोणाची मुले पायवाटेवर क्रिकेट खेळतात हे सर्वांना माहीत आहे.

अभिजित, ए-४०१ (१०.१७)
ताई, माझ्या मुलाचे नाव घ्यायचे असेल तर सरळ घ्या. त्याने त्याच दिवशी मृणालताईंकडे जाऊन सांगितले होते.

मृणाल, बी-३०४ (१०.१९)
हो, तो आला होता आणि तो टवका त्याने हातात सांभाळून आणला होता. माझी त्याच्याविषयी काही तक्रार नाही. त्या कंदिलात पाणी मात्र त्या टवक्यातूनही गेले असणार, तेव्हा नवीन झाकणाची कड जाड ठेवीन.

सुलभाकाकू, ए-१०२ (११.३०)
मी सगळे दोनदा वाचले. दोघांनी कष्ट घेऊन लिहिले आहे, पण दिवा लागत असतानाही मला एक अडचण येत होती, ती मी आजवर संकोचाने सांगितली नाही. कंदिलाच्या जाळीतून कवडसे पडतात, ते दिसायला सुंदर असतात. परंतु फरशीवर उजेडाचे आणि सावलीचे ठिपके झाले की त्यात फरशीची कड कुठली, खड्डा कुठला, पडलेले पान कुठले, हे आमच्या डोळ्यांना कळत नाही. यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यापासून तर ते कंदील लागलेले असले तरी भिंतीच्या बाजूने चालतात. नवीन कंदील करणार असाल तर आधी ही गोष्ट ध्यानात घ्या.

मृणाल, बी-३०४ (११.४८)
काकू, हे तुम्ही सांगितले नसते तर मी पुन्हा तशीच जाळी कापली असती. गेले आठ महिने मी लोकांना त्या नक्षीचे फोटो पाठवत होते आणि काका भिंतीच्या बाजूने चालत होते, हे वाचून फार वाईट वाटले. रस्त्याकडच्या बाजूला खालच्या अंगाला एकच आडवी, रुंद चीर ठेवते. तिच्यातून उजेड सलग जमिनीवर पडेल आणि डोळ्यांवर येणार नाही. नक्षी हवीच असेल तर ती झाडांकडच्या बाजूला थोडीशी ठेवू. आधी एकच नमुना करते. तो तुम्ही आणि काकांनी चालून पाहिल्याशिवाय दुसरा करणार नाही.

पाटील (अध्यक्ष), सी-४०४ (दुपारी १२.१०)
मान्य. नमुन्याचा खर्च समिती देईल. जुने सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नयेत; २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ते वेगळे द्यायचे असतात. माझ्याकडे आणून द्यावेत, मी एकत्र पाठवतो.

मृणाल, बी-३०४ (१२.३५)
नेनेकाका, तुमचा प्रश्न रास्त होता आणि उत्तर मी आधीच द्यायला हवे होते. प्रत्येक कंदिलामागे माती आणि भाजणी २८०, दिव्याचे तयार किट ३२०, चिकटवण्याचे साहित्य ५०, असे ६५० रुपये झाले. मजुरी घेतलेली नाही. पावत्या संध्याकाळी घरी आणून देते.

नेनेकाका, सी-२०१ (१२.४१)
मिळाल्यावर पाहीन. सहाच्या पुढे या, चहा घेऊनच जा.

मृणाल, बी-३०४ (सव्वीस दिवसांनी, संध्याकाळी ७.३०)
नमुन्याचा कंदील पंपघराच्या अलीकडे, ट्यूबच्या उजेडाबाहेर ठेवला आहे. माती दोन आठवडे सुकवली, भाजणी दोनदा झाली, पॅनेल खाचेत नेमके बसले. झाकण डावीकडे फिरवले की सेलची डबी बाहेर येते. चार दिवस पाऊस आहे, तेव्हा परीक्षा खरी होईल.

सुलभाकाकू, ए-१०२ (रात्री ११.०५)
आम्ही दोघे आत्ताच चालून आलो. साडेदहानंतर दिवा मंद झाला, तरी फरशीची कड शेवटपर्यंत दिसत होती आणि हे वाटेच्या मधून चालले. झाकण ओल्या हाताने निसटते, त्याला बोटे अडकतील अशी खोबण ठेव. आणि पन्हळीचे पाणी त्यावरच पडते आहे, सकाळी थोडा उजवीकडे सरकव.