माकडतापाची लस का निघत नाही?

खानापूरची शिक्षिका:
नमस्कार. माझ्या वर्गातील काही मुलांचे आईवडील काजूच्या हंगामात चोर्ला घाट उतरून गोव्यात किंवा पलीकडे दोडामार्गला मजुरीला जातात आणि ते परत येईपर्यंत घरच्यांना माकडतापाची, म्हणजे जंगलातील गोचीड चावून होणाऱ्या तापाची, धास्ती असते. परवा आठवीतील एका मुलीने विचारले की, कोरोनाची लस अनेक देशांनी मिळून वर्षभरात काढली, मग आमच्या तापाची का निघत नाही? मला तिला पोकळ धीर द्यायचा नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

टिळकवाडीकर:
बाई, मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. कोरोनाच्या लशीला गिऱ्हाईक प्रत्येक देशात होते. माकडतापाचे रुग्ण सह्याद्रीच्या पट्ट्याबाहेर जवळजवळ नाहीतच. तरीही गरिबांच्या रोगावर लस निघतच नाही, असे नाही. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात ‘ए’ गटाच्या जिवाणूमुळे मेनिंजायटिसच्या (मेंदूच्या आवरणाला सूज येण्याच्या) साथी येत आणि अर्ध्या डॉलरहून महाग लस तेथील सरकारांना परवडणारी नव्हती. तेव्हा जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ ही संस्था गेट्स फाउंडेशनच्या पैशातून पुढे आल्या. जिवाणूच्या कवचातील शर्करा प्रथिनाला जोडण्याची पद्धत अमेरिकेच्या औषध प्रशासनातील शास्त्रज्ञांनी दिली, ती शर्करा सुरुवातीला नेदरलँड्सहून आली आणि लस तयार झाली आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मोठी मोहीम झाली आणि पुढे लस पोहोचलेल्या देशांत ‘ए’ गटाच्या साथी जवळजवळ थांबल्या.

निपाणीचा औषधविक्रेता:
सर, हे पटते. पण परदेशी पैसा आला की चाचण्या आपल्या लेकरांवर आणि नफा दुसऱ्यांचा, ही शंका दुकानात नेहमी ऐकू येते.

टिळकवाडीकर:
शंका रास्त आहे, म्हणूनच भाव आणि पुरवठा करारात आधीच लिहून घ्यावा लागतो. अतिसारावरील रोटाव्हॅक ही लस ज्या विषाणूपासून बनली तो दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांत सापडला, अमेरिकेतील संशोधकांनी त्यावर सोबत काम केले, हैदराबादच्या भारत बायोटेकने लस बनवली आणि दिल्ली, पुणे व वेल्लोर येथे ६,७९९ बालकांवर तिची चाचणी झाली. २०१६ पासून ती आपल्याच सरकारी लसीकरणात मोफत मिळू लागली.

बाई, माकडतापाची सुरुवातही अशाच सहकार्यातून झाली. १९५७ साली शिवमोग्याच्या जंगलातील हा विषाणू ओळखला तो पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, जे १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने उभे राहिले होते. या तापाची लस पूर्वी निघालीही होती, पण तिचे संरक्षण अपुरे ठरले. आता आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स नवी लस विकसित करत आहेत. तोवर बागेतून परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून गुडघ्यामागे, काखेत आणि कमरेच्या पट्ट्याखाली गोचीड शोधावी. तिचे पिल्लू खसखशीएवढे असते, सहज नजरेतून सुटते. मेलेल्या माकडाला हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे.

खानापूरची शिक्षिका:
सर, मनापासून आभार. गोचिडीचे आजच काजूला जाणाऱ्या घरी सांगते. पुण्यापासून बुर्किना फासोपर्यंतचा नकाशा सोमवारी फळ्यावर काढते.