रत्नागिरीतल्या ऑफिससाठी कामाचा कॉम्प्युटर: असेंबल करून घ्यावा की ब्रँडेड?

नमस्कार मंडळी,

माझं रत्नागिरीत आर्किटेक्चर आणि इंटिरियरचं छोटं ऑफिस आहे. मी आणि एक ड्राफ्ट्समन, एवढाच कायमचा पसारा. ऑफिसचा मुख्य कॉम्प्युटर आता बदलायलाच हवा आहे आणि त्याबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. थोडं सविस्तर लिहिते, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारावं लागणार नाही.

सध्याचं मशीन सहाव्या पिढीच्या आय-फाइव्हचं आहे. १६ जीबी रॅम, ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. साधी ऑटोकॅड ड्रॉइंग अजूनही बिनतक्रार चालतात. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. क्लायंटची कागदपत्रं, नकाशे, बँकेचे व्यवहार सगळं याच मशीनवर असल्यामुळे सुरक्षा अपडेटशिवाय ते वापरत राहणं मला पटत नाही.

दुसरं कारण रेंडरिंग, म्हणजे मॉडेलवरून खऱ्यासारखी चित्रं काढणं. सध्या एका वाड्याचं काम चालू आहे. जांभ्याच्या भिंती, उतरतं कौलारू छप्पर, मागे नारळ-पोफळीची बाग. स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या मॉडेलमध्ये कौलं सुटी सुटी मांडली आहेत, कारण क्लायंटला पन्हळीपाशी कौलांची कड कशी दिसेल ते बघायचं होतं. एन्स्केप हे रेंडरिंगचं सॉफ्टवेअर उघडलं की आधी भिंती येतात, मग छप्पर, मग झाडं एकेक करून भरायला लागतात, आणि झावळ्या निम्म्या उमटल्या की कार्डाची मेमरी संपल्याचा संदेश येऊन सगळं बंद. मग झाडं काढून टाका, रेंडर घ्या, झाडं फोटोशॉपमध्ये चिकटवा. असं किती दिवस करणार?

दिवसातला बहुतेक वेळ ऑटोकॅड आणि स्केचअपवर जातो, मोठ्या कामांना रेव्हिट असतं आणि शेवटच्या इमेज व्ही-रेमध्ये होतात. रेव्हिट मॅकवर थेट चालत नसल्याने मॅकचा विचार बाजूला ठेवला आहे. लॅपटॉपही नको, साइटसाठी एक आहे.

बजेट पावणेदोन लाखांपर्यंत, मॉनिटर सोडून. समोर दोन पर्याय आहेत. एक म्हणजे नामांकित कंपनीचा तयार टॉवर, तीन वर्षांच्या ऑन-साइट वॉरंटीसह. दुसरा म्हणजे कोल्हापूरच्या एका दुकानातून भाग निवडून असेंबल करून घेणं. त्याच पैशात असेंबलमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही वरच्या दर्जाचे बसताहेत, हे कोटेशन बघताक्षणी दिसतं. त्यामुळे प्रश्न वेगाचा नाहीच.

प्रश्न आहे तो मशीन बंद पडलं तर काय, याचा. पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांना हे कदाचित तितकं जाणवणार नाही. इथे एखादा भाग गेला तर तो कोल्हापूर, पुणे नाहीतर मुंबईला पाठवायचा. पावसात आंबा घाटात दरड आली की कुरियरही अडकतं. आमच्याच एका ब्रँडेड मशीनचा पॉवर सप्लाय मागे ऐन पावसाळ्यात गेला. वॉरंटीत होता, कागदावर दुसऱ्या दिवशी सेवा होती, प्रत्यक्षात इंजिनियर आला तेव्हा नगरपरिषदेत नकाशे दाखल करायची तारीख उलटून गेली होती. बाजारातला साधा पॉवर सप्लाय तात्पुरता लावू म्हटलं तर त्या मशीनचं कनेक्टरच निराळं. म्हणजे ब्रँडेड घेतलं की निश्चिंत, असंही नाही.

मला खालील बाबतीत मदत हवी आहे.

जिल्ह्याच्या गावात राहून असेंबल मशीनवर व्यवसाय करणाऱ्यांचा वॉरंटीचा अनुभव कसा आहे? दुकानदार चौदाव्या पिढीचा आय-सेव्हन सुचवतो आहे. त्या पिढीच्या तक्रारी ऐकल्या होत्या, त्या मिटल्या का? रॅमचे भाव इतके चढलेत की कोटेशनवर ‘दर आजच्यापुरता’ असं लिहून येतं आहे. अशा वेळी ६४ जीबी आत्ताच घ्यावी की ३२ वर भागवावं? आणि करांच्या दृष्टीने दोन्हींत काही फरक पडतो का?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद: कौलारू

ताई, मी सावंतवाडीत स्ट्रक्चरलची कामं करतो आणि बरीच वर्षं असेंबल मशीनच वापरतो. तुमचा प्रश्न अगदी योग्य जागी आहे. वॉरंटी किती वर्षांची यापेक्षा भाग गेल्यावर त्या दिवशी काम चालू राहील का, हे बघा.

असेंबलमध्ये प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते. बॉक्समधल्या प्रोसेसरला तीन वर्षं, चांगल्या एसएसडीला पाच, चांगल्या पॉवर सप्लायला पाच ते दहा. कागदावर हे ब्रँडेडपेक्षा जास्तच भरतं. पण भाग पाठवायचा, बदलून यायची वाट बघायची, हे सगळं आपल्याकडे. म्हणून मी एक पॉवर सप्लाय कपाटात जादा ठेवतो, आणि ज्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे असाच घेतो. कार्ड गेलं तरी मॉनिटरची वायर मदरबोर्डला लावली की ऑटोकॅड चालू. रेंडर थांबतो, नकाशे थांबत नाहीत. इंटेलचा घेणार असाल तर नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला घेऊ नका, त्यात हे ग्राफिक्स नसतं. थोडे पैसे वाचतात आणि नेमकी ही सोय जाते.

ब्रँडेडच घ्यायचं ठरलं तर तुमच्या पिनकोडला ऑन-साइट सेवा किती दिवसांत मिळते, हे विक्रेत्याकडून ईमेलवर लिहून घ्या. आणि पॉवर सप्लाय किती वॉटचा आहे, कार्डासाठी जादा वायर आहेत का, ते विचारा. बऱ्याच ऑफिस टॉवरमध्ये पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड कंपनीच्याच मापाचे असतात. पुढे मोठं कार्ड टाकायचं म्हटलं की सगळं अडतं.

एक कोकणातली गोष्ट. आपल्याकडे खाऱ्या दमट हवेने रॅमच्या पिना काळवंडतात. पावसाळ्यात मशीन अचानक चालू होईना तर आधी वीज काढा, रॅम बाहेर काढून पिना स्वच्छ करा, घट्ट बसवा आणि मग बघा. सर्व्हिसला फोन नंतर. मशीन रोज थोडा वेळ तरी चालू ठेवलेलं बरं, सुट्टीत बंद पडून राहिलेली मशीन जास्त त्रास देतात असा माझा अनुभव आहे.

प्रतिसाद: थर्मलपेस्ट

तांत्रिक प्रश्नांची उत्तरं देतो.

इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये अस्थिरतेचा दोष होता हे खरं. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितल्याने ते हळूहळू खराब होत होते. इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोडचे, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे, अपडेट दिले आणि या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. नवा प्रोसेसर पहिल्या दिवसापासून अद्ययावत बायोसवर (मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरवर) चालवला तर घाबरण्याचं कारण नाही. तरी मी तुमच्या जागी असतो तर तो घेतला नसता. त्या सॉकेटवर (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) पुढची पिढी येणार नाही, म्हणजे चार वर्षांनी प्रोसेसर बदलायचा तर मदरबोर्डही बदलावा लागेल. एएमडीच्या एएम५ सॉकेटला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही आधार देण्याचं कंपनीने जाहीर केलं आहे. तुमच्यासारख्या मशीन जपून वापरणाऱ्यांना तेच सोयीचं. शिवाय बहुतेक रायझन ७००० आणि ९००० मध्ये साधं ग्राफिक्स आतच आहे, त्यामुळे वर कौलारू म्हणताहेत ती सोयही मिळते. तिथेही शेवटी ‘एफ’ असेल तर ते नसतं.

प्रोसेसरमध्ये कोअर (एकाच वेळी वेगवेगळी कामं करणारे भाग) किती आहेत यापेक्षा एका कोअरचा वेग बघा. ऑटोकॅड, स्केचअप आणि रेव्हिटचं बरंचसं काम एकाच कोअरवर चालतं. व्ही-रे प्रोसेसरवर चालवला तर मात्र सगळे कोअर वापरतो. आठ ते बारा कोअरचा वेगवान प्रोसेसर तुम्हाला पुरे. जुन्या झिऑनची (इंटेलचे सर्व्हर-वर्कस्टेशनचे प्रोसेसर) दुरुस्त करून विकलेली वर्कस्टेशन स्वस्तात मिळतात, कोणी सुचवलं तर घेऊ नका. कोअर भरपूर, पण रेव्हिट रांगतं.

झावळ्यांपाशी अडणारा प्रश्न कार्डाच्या मेमरीचा आहे. एन्स्केप सगळी भूमिती आणि टेक्स्चर कार्डाच्या मेमरीत भरतं. त्यामुळे ८ जीबीचं वेगवान कार्ड घेण्यापेक्षा १६ जीबीचं मध्यम कार्ड घ्या. आरटीएक्स ५०६० टीआय दोन्ही प्रकारांत मिळतं, बिलावर १६ लिहिलेलं तपासून घ्या.

रॅमबद्दल: डेटा सेंटरकडून मागणी वाढल्याने हे भाव चढलेत, आणि मायक्रॉनने तर क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. लवकर उतरतील या भरवशावर थांबू नका. पण १६ च्या दोन स्टिक घेऊन पुढे आणखी दोन लावण्याचा बेतही करू नका. डीडीआर५ या सध्याच्या प्रकारच्या रॅममध्ये चारही जागा भरल्या की वेग बराच खाली आणावा लागतो. आत्ता ३२ ची एकच स्टिक घ्या, भाव बरे झाले की तशीच दुसरी. एका स्टिकवर थोडा वेग जातो, पण तुमच्या कामात तो कार्डाच्या मेमरीइतका बोचणार नाही.

प्रतिसाद: जमाखर्च

करांचं सांगते. कॉम्प्युटर आणि त्याचे सुटे भाग, दोन्हींवर जीएसटी १८ टक्केच. तुमची नोंदणी नियमित योजनेत असेल तर दोन्हींवर इनपुट क्रेडिट मिळतं (म्हणजे भरलेला जीएसटी तुमच्या देय करातून वजा होतो), फक्त बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक हवा. असेंबल करताना ‘एक कॉम्प्युटर संच’ असं मोघम बिल घेऊ नका. प्रत्येक भाग वेगळा आणि सिरीयल नंबरसह लिहून घ्या. वॉरंटीलाही तेच बिल लागतं.

घसारा कॉम्प्युटरवर ४० टक्के, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्याच्या निम्मा. म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत घेतलेल्या मशीनवर त्या वर्षी २० टक्केच. मात्र आर्किटेक्ट म्हणून तुम्ही अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत, म्हणजे निम्मी जमा उत्पन्न धरून विवरण भरत असाल, तर घसारा त्यातच धरलेला असतो, वेगळा मिळत नाही. मग खरेदीचा महिना कराकडे बघून ठरवण्यात अर्थ नाही. आणि पैसे बँकेतूनच द्या. दहा हजारांच्या वरची रक्कम एका दिवसात एकाला रोखीने दिलीत तर त्या रकमेवर घसारा धरता येत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ब्रँडेड विक्रेत्याला पिनकोडचा प्रश्न ईमेलवर विचारला. उत्तरात ‘उपलब्धतेनुसार’ एवढंच आलं, दिवस लिहायला ते तयार नाहीत. तेव्हा असेंबलच करून घेते आहे. एएम५ वरचा आत ग्राफिक्स असलेला रायझन, १६ जीबीचं कार्ड, ३२ ची एक स्टिक, आणि एक पॉवर सप्लाय जादा. मी अनुमानित योजनेतच आहे, त्यामुळे एप्रिलपर्यंत थांबायचं मनात होतं तेही सोडून दिलं.

एक विचारायचं राहिलं. जुना ६०० व्हीएचा यूपीएस आहे. तो चालेल का?

प्रतिसाद: थर्मलपेस्ट

नाही चालणार. ६०० व्हीए म्हणजे प्रत्यक्षात ३६० वॉटच्या आसपास, आणि रेंडर चालू असताना तुमचं मशीन मॉनिटरसह त्याच्या वर जाईल. वीज गेली त्याच क्षणी तो बंद पडेल. किमान १००० ते ११०० व्हीएचा घ्या आणि डब्यावर वॉट किती लिहिलेत ते बघा. जुना यूपीएस राउटर आणि बॅकअपच्या हार्ड डिस्कला ठेवा.

प्रतिसाद: कौलारू

आणि नवं मशीन लावायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या सॉकेटचं अर्थिंग मीटर लावून तपासून घ्या. इंटरनेट तांब्याच्या तारेने येत असेल तर वीज कडाडायला लागली की प्लगबरोबर नेटवर्कची केबलही काढा. माझ्याकडे एकदा वीज त्याच वाटेने आत आली आणि मदरबोर्ड गेला. फायबर असेल तर त्या बाजूने वीज येत नाही, पण राउटरचा अ‍ॅडॉप्टर काढायला विसरू नका.