मदत हवी आहे: ॲन आर्बरचा पदवीदान समारंभ आणि आई-बाबांची सोय

नमस्कार. माझी धाकटी बहीण येत्या मे महिन्याच्या सुरुवातीस मिशिगन विद्यापीठातून इंजिनिअर होत असून, पदवीदान समारंभासाठी आई-बाबा साताऱ्याहून ॲन आर्बरला येत आहेत. मुख्य समारंभ मिशिगन स्टेडियममध्ये, म्हणजे लाखाहून अधिक आसनांच्या उघड्या मैदानावर होतो. आत पिशवी नेण्यावर निर्बंध असतात आणि स्टेडियमचा बराचसा भाग जमिनीच्या पातळीखाली असल्यामुळे दारातून शिरल्यावर पायऱ्या उतरत जावे लागते. बाबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, तेव्हा पायऱ्या टाळून बसता यावे यासाठी कोणत्या दाराने व किती लवकर जावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. आई पैठणीच नेसणार आहे (या विषयावरची चर्चा संपलेली आहे), पण मे महिन्यातही तिथे सकाळी बोचरा वारा किंवा पाऊस असू शकतो, म्हणून स्वेटर पुरेल की जाड कोट लागेल?

त्या दिवसांत गावातील हॉटेलांचे दर फार चढतात. मुक्कामासाठी आसपासच्या गावांपैकी यप्सिलँटी बरे की नोवाय? शनिवारी रात्री दहा-बारा जणांना एकत्र बसून शाकाहारी जेवता येईल असे ठिकाणही कोणी सुचवल्यास आभारी राहीन.