1500 पीपीपीओई ग्राहकांसाठी कोणता राउटर: नवा सीसीआर2116 की वापरलेला एएसआर 1001-एक्स?

फायबर_दारव्हा
सध्या 900 पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डनं लॉगिन करणारे) ग्राहक, रात्री 9 चा पीक 2.2 जीबीपीएस. वर्षभरात 1500 होतील. फीडरची लाइट गेली-आली की गावंच्या गावं एकदम डायल करतात. आत्ताच्या राउटरचा सीपीयू 100 टक्क्यांवर अडकतो आणि चालू असलेलेही तुटतात. मिक्रोटिकचा 2116 घ्यावा की सिस्कोचा 1001-एक्स? भरवशाचं कोणतं?

नोक_चिमूर
2116, आणि एक नाही, दोन. 1001-एक्स दणकट आहे, पण त्याचा वेग लायसन्सवर चालतो: मूळ 2.5 जीबीपीएस, पुढे 5, 10, 20. पैसे देण्याआधी 'शो प्लॅटफॉर्म हार्डवेअर थ्रूपुट लेव्हल' चालवून स्क्रीनशॉट मागवा. मूळचंच लायसन्स असेल तर तो आज काठावर आणि 1500 ग्राहकांना अपुरा.

दुसरा 2116 कपाटात नको, चालू ठेवा. दोन्हींवर त्याच व्हीलॅनचे (एकाच केबलवर वेगळं केलेलं नेटवर्क) पीपीपीओई सर्व्हर, रेडियस (लॉगिन तपासणारा सर्व्हर) एकच, आयपी पूल मात्र वेगळे: एकाला 100.64, दुसऱ्याला 100.65. दुसऱ्यावर पाडो-डिले 500 मिलिसेकंद, म्हणजे तो उशिरा उत्तर देतो आणि ग्राहक आधी पहिल्यावर जातात. पहिला गेला की ग्राहक आपोआप दुसऱ्यावर चढतात.

पॅचकॉर्ड_आर्णी
भाऊ, आधी नॅट (ग्राहकांचे खासगी आयपी पब्लिक आयपीत बदलणं) बघा. राउटरओएस (मिक्रोटिकची सिस्टीम) आहे आणि मास्करेड (पब्लिक आयपी आपोआप निवडणारं नॅट) लावलंय, तर बहुतेक दुखणं तिथंच. इंटरफेस पडला की मास्करेड कनेक्शन टेबल (चालू कनेक्शनांची यादी) चाळून त्याच्या नोंदी पुसत बसतं. 900 ग्राहक म्हणजे 900 इंटरफेस. 300 एकदम पडले की तीच चाळणी 300 वेळा. त्याऐवजी सोर्स-नॅट लावा, टू-अॅड्रेसेसमध्ये पक्के पब्लिक आयपी. हे न करता 2116 आणला तर तोही मान टाकेल.

अर्थिंग_उमरखेड
राउटरइतकीच खोली बघा. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते, अर्थिंगच्या पाइपापासून सुटते आणि अर्थ नावापुरती उरते. मृगाच्या आधी खड्ड्यात पाणी सोडा, कोळसा-मीठ भरा, मग न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टीमीटर लावा. 2 व्होल्टच्या वर दिसलं तर वायरमनला बोलवा.

ओएलटी (ग्राहकांच्या फायबर जिथं येतात तो डबा) ते राउटर अंतर एक मीटर असलं तरी तांब्याची केबल नको, एसएफपी (पोर्टात बसणारं फायबरचं मॉड्यूल) आणि फायबरच. वीज कडाडली की पोर्ट याच तांब्यातून जळतात. 2116 ला दोन पॉवर सप्लाय आहेत: एक इन्व्हर्टरवर, दुसरा वेगळ्या यूपीएसवर. दोन्ही एकाच बोर्डात खोचले तर दुसऱ्याचा उपयोग नाही. जिनिंगजवळ खोली असेल तर हंगामात दर 15 दिवसांनी पंख्याच्या जाळीवरचे कापसाचे तंतू ब्रशनं काढा. हवा अडली की टिनाच्या खोलीत तापमान लगेच चढतं.

फायबर_दारव्हा
मास्करेडच आहे. रात्री 2 ला बदलतो.

पॅचकॉर्ड_आर्णी
जुना रूल डिलीट नको, डिसेबल करा. आणि बदलल्यावर कनेक्शन टेबल साफ करा, नाहीतर चालू कनेक्शनं जुन्याच नॅटवर राहतात आणि बदल लागलाच नाही असं वाटतं.