मदत हवी आहे - ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात अ‍ॅबोरिजिनल (मूळनिवासी) संस्थांसोबत कुणी काम केलंय का?

नमस्कार मंडळी, मी मेलबर्नपासून बरीच लांब एका छोट्या गावात फॅमिली व्हायोलन्स सर्व्हिसमध्ये सोशल वर्कचं प्लेसमेंट करतेय. परवा एक अ‍ॅबोरिजिनल ताई आल्या, मी फॉर्म पुढे केला तर पहिला प्रश्न हाच की हा कागद चाइल्ड प्रोटेक्शनकडे (मुलांच्या सुरक्षेचं सरकारी खातं) जाणार का, आणि चहाचा कप दोन्ही हातात घट्ट धरून बसल्या, एक घोटही घेतला नाही. मला धड उत्तर देता आलं नाही, तेव्हापासून जीवाला चैन नाही. पिढ्यानपिढ्या सरकारनेच मुलं उचलून नेलीत त्यांची, भीती वाटणारच ना!

२०१८ चा धेल्क जा करार (अ‍ॅबोरिजिनल कुटुंबांतल्या हिंसाचाराबद्दलचा व्हिक्टोरियातला करार) वाचला, त्यात ठरवायचं अ‍ॅबोरिजिनल लोकांनी आणि पोलीस, सरकार, बाकी सर्व्हिसेसनी सोबत चालायचं असं आहे, राज्यभर ११ अ‍ॅक्शन ग्रुप पण आहेत. मला हे मनापासून पटतं, पण रोजच्या कामात कसं करायचं?

म्हणजे बघा, अ‍ॅबोरिजिनल संस्थेकडे रेफर करावं तर छोट्या गावात तिथे नात्यातलंच कुणी कामाला असू शकतं, मग आधी त्या ताईंनाच विचारायचं ना की कुठे जायला आवडेल? आमच्याकडे आणि त्या संस्थेकडे, दोन्हीकडे केस असेल तर पुढाकार कुणाचा? आणि माहिती कुणाकुणाला जाईल हे पहिल्याच भेटीत तुम्ही कुठल्या शब्दांत सांगता? पुढच्या गुरुवारी त्या परत येणारेत, प्लीज कुणीतरी सांगा.