कॉमिक्समधल्या दोन चौकटींच्या मधल्या 'गटर'ला मराठीत काय म्हणायचं?

सांजवात: एक लेख मराठीत करतेय, विषय असा की कॉमिक्सला अभिजात साहित्याच्या पंगतीत बसवायचं की नाही. स्कॉट मॅकक्लाउडच्या १९९३च्या पुस्तकातला मुद्दा त्यात सारखा येतो, की एका चौकटीत उगारलेली कुऱ्हाड, पुढच्या चौकटीत नुसती किंकाळी, आणि मधला घाव वाचणारा आपल्या डोक्यात स्वतःच घालतो. ती मधली कोरी पट्टी म्हणजे गटर. आता 'साहित्यमूल्य गटरात असते' असं लिहिलं तर लेखाचं काय होईल सांगायला नको. शब्द सुचवा.

खिळेजुळारी: छापखान्यात गटरच म्हणायचो आम्ही, पण ते समोरासमोरच्या दोन पानांच्या मधल्या शिवणीकडच्या जागेला. चौकटींच्या मधल्या जागेला वेगळं नाव कधी लागलं नाही. सरळ 'मोकळी जागा' लिहा.

बाभूळबन: सांद! आमच्याकडे दोन घरांच्या मधे मांजर जाईल पण माणूस नाही एवढी जागा म्हणजे सांद. माझ्या मते संधीवरूनच आलाय, म्हणजे जोड पण तोच आणि फट पण तीच. याहून चांगला शब्द मिळणार नाही.

रात्रपाळी: सांदीत कचरा असतो ओ. त्यापेक्षा दरज. गवंडी दगडाविटांच्या दरजा भरतात तसा वाचणारा दरजा भरतो, दर्जाचा प्रश्नही तिथेच मिटला 😄

शुद्धमती: विनोद बाजूला ठेवू. वाङ्मय म्हणजे वाक् अधिक मय, जे वाणीचं बनलेलं आहे ते. चित्रांच्या पुस्तकाला वाङ्मयीन मूल्य कुठून येणार? आणि आपल्या काव्यशास्त्रात तर चित्रकाव्य सगळ्यात खालचं, काव्यप्रकाश लिहिणाऱ्या मम्मटाने त्याला 'अवर', म्हणजे खालच्या दर्जाचं, म्हटलंय. चित्रकलेचं मूल्य असेल, त्याबद्दल वाद नाही.

बाभूळबन: सर, तिथलं चित्र म्हणजे कुंचल्याने काढलेलं चित्र नव्हे हो. शब्दांची नाहीतर अलंकारांची नुसती करामत, आत सुचवलेलं काही नाही, म्हणून ते चित्रकाव्य. मम्मटाने तिथेच 'अव्यंग्य', म्हणजे व्यंग्य (सुचवलेला अर्थ) नसलेलं, म्हटलंय, म्हणून तर ते अवर. आणि ध्वनीचा सिद्धांत मांडणाऱ्या आनंदवर्धनाच्या हिशोबाने उत्तम काव्य कुठलं, तर जिथे न बोललेलं जास्त बोलतं ते. मग ती कुऱ्हाड आणि किंकाळी काय आहे? घाव काढलेलाच नाही आणि तुम्हाला दिसला. तुमच्याच मम्मटाने कॉमिक्सला वरच्या पाटावर बसवलं असतं.

शुद्धमती: ओढूनताणून आहे. ध्वनी, म्हणजे तो सुचवलेला अर्थ, शब्दातून येतो, कोऱ्या कागदातून नाही.

रात्रपाळी: लहानपणी आमच्या वाचनालयात पुस्तकाचं कार्ड वेगळं आणि मासिकाचं वेगळं, आणि इंद्रजाल कॉमिक्स मासिकाच्या कार्डावर मिळायचं. वेताळ वाचायला मिळाला म्हणजे झालं, पण काकू रजिस्टरमधे पुस्तकांचा आकडा लिहायच्या त्यात तो कधी धरायच्या नाहीत. वर्गवारी अशी ठरते, मम्मट वगैरे नंतर.

तिसरीघंटा: वर्गवारीचं म्हणाल तर अमेरिकेत पण तेच झालं. आर्ट स्पीगलमनच्या 'माऊस' या नाझींनी केलेल्या ज्यूंच्या छळावरच्या कॉमिक्सला १९९२ साली पुलित्झर दिलं ते विशेष म्हणून दिलं, नेहमीच्या कुठल्या खान्यात नाही. आधी पेपरच्या खपाच्या यादीत ते कादंबऱ्यांमधे टाकलेलं, तर त्याने स्वतः पत्र लिहून तक्रार केली की हे माझ्या बापाचं खरं आयुष्य आहे, कल्पित नाही. म्हणून मला 'चित्रकादंबरी' हा शब्द पटत नाही, तिथे ज्यू उंदीर आणि नाझी मांजरं काढलीत तरी ती कादंबरी नाहीये.

खिळेजुळारी: कादंबरी तरी काय, बाणभट्टाच्या नायिकेचं नाव. ते आपण अख्ख्या प्रकाराला चिकटवलं आणि दीडशे वर्षं कुणाचं काही अडलं नाही. लोक 'कॉमिक्स' म्हणतात, तेच लिहा.

शुद्धमती: एक पुस्तक असेल तर 'कॉमिक'. स् लावला की अनेकवचन.

खिळेजुळारी: दुकानात 'एक कॉमिक द्या' म्हणालेला मराठी माणूस दाखवा मला.

तिसरीघंटा: सांजवातताई, 'भीमायन' बघितलंय का? २०११चं, दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांचं, बाबासाहेबांच्या आठवणींवरचं. त्यात तुमचं गटर सापडणारच नाही, कारण माणसांना खोक्यात कोंडायचं नाही म्हणून त्यांनी चौकटीच नाकारल्या. पानभर डिग्न्याच्या, म्हणजे गोंडांच्या घराच्या भिंतींवर काढतात त्या, नक्षीचे पट्टे वळत जातात, त्यातूनच प्रसंग वेगळे होतात. १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेल्या छोट्या भीमाची आणि त्याच्याबरोबरच्या पोरांची गोष्ट आहे त्यात, अस्पृश्य म्हणून गाडीवान मिळत नाही, पाणी मिळत नाही. आणि विखारी बोलणं ज्या फुग्यात आहे त्या फुग्याला शेपटीच्या जागी विंचवाची नांगी, साध्या माणसांचे फुगे पाखरांसारखे. आता 'तो विषारी स्वरात म्हणाला' हे वाक्य बरं की ती नांगी, सांगा शुद्धमती सर.

शुद्धमती: नांगी प्रभावी आहे, नाही म्हणत नाही. पण त्याला साहित्य कशाला म्हणायचं? आपल्याकडे चित्रकथी आहेत की पिंगुळीला, त्यांनी कधी साहित्यिक म्हणवून घेतलं नाही.

तिसरीघंटा: त्यांना विचारलं कुणी?

बाभूळबन: आणि चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र उचलून पुढे धरतो आणि मधली गोष्ट तोंडाने सांगतो, म्हणजे सांद तो स्वतःच भरतो. कॉमिक्समधे ते काम वाचणाऱ्यावर. हा फरक लेखात टाका ताई.

सांजवात: टाकते. तर सांद की दरज?

रात्रपाळी: दरज. व्यंगचित्रवाल्या एका मित्राला विचारलं, तो 'गॅप' म्हणतो.

शुद्धमती: व्यंग्यचित्र. व्यंग म्हणजे शरीरातला दोष.

रात्रपाळी: आयुष्यभर व्यंगचित्र वाचत आलोय, पेपरात तसंच छापतात.

शुद्धमती: पेपरात काहीही छापतात.

बाभूळबन: थांबा, म्हणजे त्या चित्रात व्यंग्य असतं हे सर मान्य करताहेत तर 😀

शुद्धमती: व्यंग्यचित्रात. कॉमिक्समधे नाही.